लोखंडाची लाज

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी लोखंड अक्षय होते. पावसात पडो वा समुद्रात बुडो, त्याची निळसर कांती ढळत नसे. त्या काळी वेत्रवनात अयस्क नावाचे महामुनी राहत. दुर्मेध नावाचा असुर यज्ञामागून यज्ञ उधळू लागला, तेव्हा राजपुत्र सुनाभ त्यांच्याकडे शस्त्र मागण्यास आला.

मुनींनी आपले खड्ग त्याच्या हाती ठेवले. "वत्सा, रण संपताच अग्नीसमोर पाते स्वतः पूस. ज्याचे रक्त, त्याचे नाव मोठ्याने घे. मग तिळाचे तेल लाव. तोवर कोणाकडून ओवाळून घेऊ नकोस. पाते निर्मळ परत आण. यौवराज्याचा अभिषेक मीच करीन."

घोर युद्ध झाले. अखेर दुर्मेधाचा रथ मोडला. गदा टाकून, हात जोडून तो म्हणाला, "राजपुत्रा, शरण आलो." मागे सारी सेना जयघोष करीत होती. तो जयघोष थांबेल, या भयाने सुनाभाने खड्ग चालवले.

सायंकाळी अग्नी पेटला. सुनाभाने वस्त्र हाती घेतले, पण दुर्मेधाचे नाव त्याच्या ओठांवर येईना. ओले पाते तसेच म्यानात सारून तो ओवाळून घ्यायला उभा राहिला.

वर्षाऋतू सरल्यावर तो आश्रमात आला. अभिषेकाचे कलश मांडलेले होते. मुनी म्हणाले, "खड्ग दाखव." सुनाभाने मूठ ओढली, पाते हलेना.

मुनिकन्या सुवर्चा हसली. "युवराज, विजयाने खड्गालाही माज चढला वाटतं! बाहेर यायलाच तयार नाही."

सारे ऋषी हसले. सुनाभाने बळ एकवटून हिसका दिला. पाते अर्धेच बाहेर आले आणि तांबूस भुगा दर्भासनावर सांडला. हसणे थांबले.

"हे रक्त कोणाचे?" मुनींनी विचारले.

सुनाभाची मान खाली गेली. "दुर्मेधाचे. तो शरण आला होता."

मुनींचे डोळे भरून आले. "तुला वाटायला हवी होती ती लाज या निर्जीव लोखंडाने अंगावर घेतली. आता ती लोखंडमात्रात पसरेल. ते आवाज न करता कणाकणाने झडत जाईल. क्षर म्हणजे झिरपत झिरपत सरणारे. म्हणून विद्वान याला क्षरण म्हणतील, लोक गंज म्हणतील."

"मुनिवर, शाप मला द्या! लोखंडाने काय केले?"

"मी शाप दिला नाही, घडले त्याला नाव दिले. एवढाच वर देतो, की वेळेवर पुसणाऱ्या, तेल लावणाऱ्या हातापुढे हे झडणे थांबेल. झडले ते मात्र परत येणार नाही."

कलश भरलेलेच राहिले. सुनाभ आश्रमातच राहिला. परशू, कुदळी, विळे तो रोज पुसे आणि दर वेळी दुर्मेधाचे नाव घेई. त्याचे केस पिकले, पण बोटांवरचा तांबूस डाग गेला नाही. गंजलेले लोखंड धरणाऱ्याच्या बोटांना तो आजही लागतो, आणि कोणी पाहण्याआधी माणूस हात पुसून टाकतो.