विहीणबाईंचा शिक्का

बँकॉकला मुलाच्या घरी उतरल्यापासून कुमुदताईंच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. सुनेची आई दमयंतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, आठ दिवस आधीच येऊन पाहुण्यांची खोली बळकावून बसल्या होत्या. चार वर्षांची नात ओवी झोपायचीही त्यांच्याच कुशीत. कुमुदताई हॉलमधल्या दिवाणावर पडून दाराआडच्या गोष्टी ऐकायच्या आणि जळायच्या.

एकदा त्यांनी विषय काढलाच, तर दमयंतीबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम, विहीणबाई. जी आधी आली, तिची खोली."

पुढे दमयंतीबाईंची टुरिस्ट म्हणून राहण्याची मुदत संपत आली. सरहद्द ओलांडून परत आलं, की नवी मुदत मिळत होती. त्या एके दिवशी पहाटेच्या बसने गेल्या आणि संध्याकाळी शिक्का घेऊन परतल्या. पाहतात तो त्यांची बॅग दिवाणाशेजारी, आणि खोलीत ओवी कुमुदताईंच्या मांडीवर!

"हे काय?"

"तुमचाच नियम. पासपोर्टवर बघा, तुम्ही आज आलात. मी तीन आठवड्यांपूर्वी आले."

"अहो, निघताना मी 'येते' म्हणाले होते! 'जाते' म्हटलं होतं का?"

"आम्हाला 'येते' म्हणालात खरं, विहीणबाई. पण सरहद्दीवरच्या साहेबाकडून 'गेली' असाच शिक्का मारून घेतलात ना?"

दमयंतीबाई दिवाणावर बसल्या, आणि कुमुदताईंची मुदत संपायला किती दिवस उरलेत, ते बोटांवर मोजू लागल्या.