कोपऱ्यातली झारी

एका कलाशाळेत एक वृद्ध गुरुजी धातुकाम शिकवीत असत. एका वर्षी त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना एकच काम दिले: पंगतीत पाणी वाढायला सोयीची अशी झारी घडवा. अकरा विद्यार्थ्यांनी अकरा झाऱ्या घडवल्या, आणि त्या इतक्या चांगल्या उतरल्या की गावातल्या वस्तुसंग्रहालयाने त्या महिनाभर मांडण्यासाठी मागून घेतल्या.

पहिल्या दिवशी विद्यार्थी ठेवणीतले कपडे घालून आले. जो तो आपली झारी शोधून तिच्या शेजारी फोटो काढून घेऊ लागला. वैजनाथ नावाचा विद्यार्थी मात्र दारातच थबकला. समोर, दालनाच्या मधोमध, वेगळ्या काचपेटीत, खास सोडलेल्या दिव्याखाली त्याच्या वर्गातल्या शर्वरीची तांब्याची झारी होती. त्याची स्वतःची पितळी झारी पलीकडच्या कोपऱ्यात, बाकीच्यांच्या रांगेत शेवटची. त्याने तिकडे एकदा मान वळवली, ती तिथे असल्याची खात्री करून घेतली, आणि पुढचे दोन तास तो शर्वरीच्या पेटीभोवतीच घुटमळला. "वा" म्हणणाऱ्या प्रत्येकाचा त्याला राग आला. मत्सर फार कष्टाळू असतो. तो माणसाला तिथे सुखाने उभे राहू देत नाही, आणि घरीही जाऊ देत नाही.

शर्वरी त्याच्याकडे आली. "वैजू, चल ना, तुझ्या झारीपाशी फोटो काढू."

"नंतर," तो म्हणाला. तिच्या बोलण्यात खोट नव्हती हे त्याला कळत होते, आणि म्हणूनच ते अधिक टोचले. निदान तिने थोडा तोरा दाखवला असता, तर रागवायला सोपे गेले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो अर्ज घेऊन गुरुजींच्या घरी गेला. आपली झारी संग्रहालयातून परत मिळावी, असा तो अर्ज होता. त्यावर गुरुजींची सही लागत होती.

"परत घेऊन काय करणार?" गुरुजींनी विचारले.

"मोडीत घालीन. आणि शाळाही सोडीन म्हणतो. माझ्याच्यानं हे व्हायचं नाही."

गुरुजींनी समजूत घातली नाही. त्यांनी तो अर्ज उलटा केला आणि पेन्सिल पुढे सरकवली. "सही करतो. आधी याच्या पाठीवर दोन चित्रं काढ. एक शर्वरीच्या झारीचं, एक तुझ्या झारीचं. आठवणीतून."

वैजनाथला हे विचित्र वाटले, पण सही हवी होती. शर्वरीची झारी त्याने झरझर काढली. लांब, वळणदार तोटी, मुठीचे तीन रिबिट, इतकेच काय, तोटीच्या बुडाशी जोडाला डाख लावताना पडलेला मुगाएवढा काळा डागही. तो डाग आजवर कुणाच्याच नजरेला आला नव्हता. मग त्याने आपली झारी काढली. गुरुजींनी कागदाची घडी घातली, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

संग्रहालयात त्यांनी कागद आधी शर्वरीच्या पेटीला लावून धरला. रेघ न् रेघ जुळली. मग ते कोपऱ्यात गेले आणि तोच कागद त्यांनी वैजनाथच्या झारीशेजारी धरला. वैजनाथचा चेहरा उतरला. कागदावरच्या झारीला लांब, वळणदार तोटी होती. समोरच्या झारीची तोटी आखूड आणि रुंद होती.

"ही तोटी कुणाची काढलीस?"

"तिची," तो खाली मान घालून म्हणाला.

"आणि तुझी अशी आखूड का?"

वैजनाथने समोरच्या तोटीकडे पाहिले. "आमचे अण्णा लग्नांत पाणी वाढतात. त्यांचं मनगट धरतं. तोटी लांब असली की हात उचलून धरावा लागतो. आखूड असली की जरासं कलवून भागतं."

गुरुजी म्हणाले, "तिच्या झारीवरचा डाग तुला पाठ आहे, आणि बापाच्या मनगटासाठी केलेली तोटी विसरलास. तुला वाटतं, तिनं तुझी जागा घेतली. जागा कुणी घेत नाही रे. आपणच आपल्या घरातून उठतो, दुसऱ्याच्या खिडकीशी जाऊन उभे राहतो, आणि मागं आपलं घर ओस पडतं. तुझ्याइतकी बारीक नजर वर्गात कुणाची नाही. पण वर्षभरात ती तू एकदाही घरी आणली नाहीस."

वैजनाथचे डोळे भरून आले. तरी तो म्हणाला, "पण गुरुजी, तिची माझ्यापेक्षा चांगली आहे."

"आहे," गुरुजी म्हणाले. "ते तुला सोसावं लागेल. त्यावर माझ्याकडे औषध नाही." आणि त्यांनी खिशातले पेन काढले. "करू सही?"

"थांबा जरा."

वैजनाथ काचेशी वाकला. मागे मधल्या पेटीभोवती कुणीतरी "वा" म्हणाले. ते त्याला ऐकू आले, टोचलेही, पण तो वळला नाही. बराच वेळ पाहून झाल्यावर तो म्हणाला, "मूठ चुकलीय, गुरुजी. अण्णांची चार बोटं हिच्यात मावायची नाहीत. दुसरी करावी लागेल."

गुरुजींनी पेन पुन्हा खिशाला लावले आणि ते आपले बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.