घुंगरांची काठी

डोंगरावरच्या एका गावात टपालाची चौकी होती. तिथे हैबती आणि म्हाळू असे दोन हरकारे होते. पत्रांच्या थैल्या घेऊन ते उतार उतरत आणि नदीकाठच्या गावात पोचवत. हैबती वाऱ्यासारखा पळे. म्हाळू बेताने चाले.

चौकीच्या तुळाजी नाईकांनी दोघांना बजावले होते, की थैल्या नेहमी वाटून घ्यायच्या. शिवाय एक जण उतरत असताना दुसऱ्याने त्याच्या काठीच्या घुंगरांकडे कान द्यायचा. उतार चौकीसमोरच होता, त्यामुळे आवाज शेवटपर्यंत ऐकू येई. तो मध्येच थांबला, तर दुसऱ्याने ताबडतोब धावायचे.

एकदा सणाचे टपाल आले. नाईक बाहेर गेले होते. हैबतीने म्हाळूच्या वाट्याच्या थैल्याही खांद्यावर टाकल्या.

“तू बस, म्हाळूभाऊ. तू पोचेपर्यंत सण उलटून जाईल.”

इतक्यात वरच्या तलावावरून निरोप आला. बांधाला तडा गेला होता. संध्याकाळच्या आत खालचे गाव रिकामे करायला हवे होते.

“थैल्या ठेव. नुसता निरोप घेऊन जा,” म्हाळू म्हणाला.

“मला शिकवतोस?” म्हणत हैबती निघालाही.

निम्म्या उतारावर ओझ्याने त्याचा तोल गेला. पाय असा मुरगळला, की उभे राहता येईना. म्हाळू येऊन आपल्याला असे पाहील, याची त्याला लाज वाटली. तो बसल्या जागी काठी हलवू लागला. घुंगरे वाजत राहिली. चौकीवर म्हाळू निश्चिंत बसला.

हैबतीने खाली पाहिले. नदीच्या वाळूत बाया कपडे वाळत घालत होत्या. मुले वाळूची घरे करत होती. वर कुणीच बघत नव्हते.

त्याचा हात थांबला. पण वाऱ्याने घुंगरे किणकिणतच होती. म्हणून त्याने डोक्याचे पागोटे सोडले आणि घुंगरांभोवती घट्ट गुंडाळले.

थोड्याच वेळात म्हाळू धापा टाकत आला आणि त्याला उचलायला वाकला.

“मला नको, काठी उचल! घुंगरे वाजवत जा, गावाला निरोप दे! पळ!”

म्हाळू पळाला. दिवस मावळायच्या आत सगळे गाव टेकडीवर चढले. मागोमाग पाणी आले. घरे गेली, माणूस मात्र एकही गेला नाही.

पाय बरा झाल्यावर हैबती चौकीवर आला. त्याने निम्म्या थैल्या म्हाळूपुढे ठेवल्या.

“आणि सण उलटून गेला तर?” म्हाळूने हसून विचारले.

“उलटू दे. मी कान देऊन बसतो.”

तात्पर्य: ओझे वाटून घ्यावे, आणि आपण अडलो, तर सगळे ठीक असल्याचा आवाज करत राहू नये. आपले थांबणे वेळेवर कळले, तरच दुसऱ्याला धावता येते.