हाकेला ओ देणारी खिंड

धुक्यात अनोळखी हाक आली तर ओ देऊ नये, असे सगळ्या मुलखात लेकरांना शिकवतात. मोरसगडाखालच्या या खिंडीत मात्र उलटे आहे. इथे हाक आली की ओ द्यायचीच, मग ती माणसाची असो वा नसो. असे का, ते गडावरचे वृद्ध गुरव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

फार जुनी गोष्ट. भादव्यातल्या एका सकाळी गनिमाने गडाची तुकडी या खिंडीत गाठली, म्हणे. ज्यांना पळता आले ते वर गेले. जखमी कारवीच्या रानात पडून राहिले. त्यांत चांगोजी होता. मांडीत भाला घुसून पाय निकामी झालेला. धुके इतके दाट, की स्वतःचा हात दिसेना.

थोड्या वेळाने हाका सुरू झाल्या. "आम्ही गडावरचे. कुठं हायसा?" डावीकडून कुणीतरी आशेने ओ दिली. मग नुसता एक घाव बसल्याचा आवाज आला, आणि पुन्हा तीच हाक, तितक्याच मायेने. हाक मारणारा गनीम होता. चांगोजीने पागोट्याचे टोक तोंडात कोंबले.

मग एक कोवळा आवाज आला, कापरा. "मी गोमाजी. कोन हाय का रं? ओ द्या."

गोमाजी गडावरचा जर्राह, म्हणजे जखमा शिवणारा. मिसरूडही नीट फुटले नव्हते. आवाज ओळखीचा होता, पण गनिमाने त्याच्याच मानेवर सुरी धरून त्याला बोलायला लावले असेल तर? चांगोजी गप्प राहिला. पावले जवळून पुढे जाऊ लागली, तेव्हा त्याच्याही नकळत तोंडून ओ निघून गेली.

गोमाजी आला, गुडघ्यांवर बसला. दात वाजत होते, पण मांडी आवळून बांधताना हात हलला नाही.

"भ्या वाटतंय का रं?" चांगोजीने विचारले.

"लई," तो म्हणाला. "बाकीचे कुठं हायती? कुनी ओ देत न्हाई."

तेवढ्यात कारवी सळसळली. ती ओ गनिमानेही ऐकली होती. गोमाजीने चांगोजीच्या तोंडावर हात ठेवला. "आता कितीबी हाका येऊ द्या, ओ द्यायची न्हाई. माझी आली तरी."

आणि तो उठून उताराने पळत सुटला, मोठमोठ्याने ओरडत: "ओ! हिकडं हाय! ओ!" सळसळ त्याच्या मागे वळली. त्याची ओ लांब लांब गेली, आणि मध्येच तुटली.

धुके विरल्यावर गडकरी उतरले. गप्प राहिलेले सगळे जखमी जिवंत मिळाले. गोमाजी खिंडीच्या पार पलीकडच्या तोंडाशी सापडला.

त्यानंतर, असे सांगतात, धुके उतरले की खिंडीत हाक येऊ लागली. "कोन हाय का रं? ओ द्या." बैल पाऊल टाकीनात. एका कुंभारणीची वाचाच बसली. उतारे टाकले, कोंबडी कापली, हाक थांबेना. वाट ओस पडली. चांगोजी घरात कान झाकून बसे. ओ द्यायची नाही, असे गोमाजीने त्यालाच बजावले होते.

शेवटी त्याची बायको तानाई म्हणाली, "त्यो अजून हुडकतोय. समदी घावली, हे त्याला सांगितलंय कुनी?"

चांगोजी काठी टेकत खिंडीत उतरला. धुक्यात उभा राहिला. हाक आली, अगदी कानाशी. त्याने डोळे मिटले.

"ओ. गोमाजी, मी चांगोजी. समदी वर पोचली रं. मागं कुनी न्हाई."

मग कारवीतून कुणीतरी श्वास सोडावा तसा वारा गेला, म्हणे, आणि त्या दिवशी हाक पुन्हा आली नाही.

पण धुके दर वर्षी येते. आजही दूधवाला खिंडीच्या तोंडाशी फटफटी बंद करतो. शाळेच्या पोरी एकमेकींचे हात घट्ट धरून थांबतात. काही ऐकू आले, किंवा आल्यासारखे वाटले, तरी सगळे सांगतात, "ओ. समदी पोचली." मग मागे वळून न पाहता भराभर चालू लागतात.