फितूर गांडुळं

“गांडुळं गेली? कोणाला विचारून गेली?”

रणधवल महाराज असे कडाडले, की आंब्यावरचा एकुलता एक कावळा उडाला. महाराजांच्या लाडक्या शेंदरी आंब्याला यंदा मोजून एक कैरी लागली होती, आणि ती नेमकी महाराज बघायला आले तेव्हा टपकन पडली.

कोंडिबा माळ्याने झाडाखाली खुरपं मारलं. खण्ण! दगडावर मारावं तसं ते उलटलं.

“सरकार, ऊन दरसाल चढतंय. चैत्रात तापायची ती माती आता माघातच तापतीया. गांडुळं, मोहरीवानी बारीक किडं, समदी हुती तवा माती भुसभुशीत ऱ्हायची, झाडाला खायला मिळायचं. आता काही मेली आन् उरल्याली पार खोल गेली.”

“ऊन चढतंय? मग आम्हाला कसं लागत नाही?”

महाराज दरबारात बसत ते वाळ्याच्या चार पडद्यांआड, आणि त्या पडद्यांवर दिवसभर पाणी शिंपायची ती कोंडिबाचीच बायको, धुरपदा. ऊन कुठे अडतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण थोरामोठ्यांच्या तोंडाला कोण लागणार!

महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, “लिहा दिवाणजी! जो कोणी उन्हाला भिऊन नेमलेली जागा सोडेल आणि खाली जाऊन दडेल, तो फितूर! आठ दिवसांत जागेवर हजर झाला तर माफी. नाहीतर राज्याबाहेर! आणि गांडुळं आली नाहीत, तर त्यांच्याबरोबर हा कोंडिबाही!”

दिवाणजींनी लिहिलं, वर शिक्का मारला. दवंडीवाला आला. गांडुळांना ऐकू जावं म्हणून त्याने जमिनीवर पालथं पडून, मातीला तोंड लावून दवंडी दिली. उठला तेव्हा ओठ भाजले होते. आंब्याखाली दोन भालेकरी उभे राहिले, गांडूळ वर आलंच तर ते पळू नये म्हणून.

घरी कोंडिबा डोक्याला हात लावून बसला.

“आगं, त्यांस्नी कान न्हाईत. हुकूम ऐकणार कशानं?”

“कान असल्यालं तरी कुठं ऐकत्यात!” धुरपदा म्हणाली.

बोलली खरी, पण तिचा जीव तुटत होता. तो आंबा कोंडिबाने हाताने लावला होता, लग्नाच्या वर्षी. त्या झाडापासून तोडलं तर हा माणूस वाळून जाईल, हे तिला दिसत होतं. सकाळी पदर खोचून ती थेट दरबारात गेली.

“सरकार, फितुरांना मी आणते. फकस्त आठ दिवस शिंपणीतून मोकळीक द्या, आणि ह्ये वाळ्याचं पडदं द्या.”

“खुशाल ने! आम्हाला काय करायचेत? आमच्या राज्यात ऊन वाढलेलंच नाही!” महाराजांनी मिशीला पीळ दिला.

धुरपदाने चारही पडदे काढले. आंब्याखाली घागरी ओतून माती भिजवली, वर पालापाचोळा पसरला आणि त्यावर पडदे अंथरले. सकाळ-संध्याकाळ ती त्यांवर पाणी शिंपू लागली, जसं महाराजांसाठी शिंपायची अगदी तसंच.

इकडे दरबारात पहिल्या दिवशी महाराज म्हणाले, “छान मोकळं वाटतंय!” दुसऱ्या दिवशी मुकुट तापला, म्हणून तो काढून त्यांनी डोक्यावर ओलं फडकं घेतलं. तिसऱ्या दिवशी दिवाणजींच्या दौतीतली शाई सुकली. चौथ्या दिवशी महाराज सिंहासनावर बसले आणि बसले त्याहून झटकन उठले. पाचव्या दिवशी सिंहासन रिकामं! महाराज कुठे, ते कोणी विचारीना आणि कोणी सांगेना.

आठव्या दिवशी धुरपदाने पडद्याचा कोपरा उचलला. खाली माती काळी, ओली, भुसभुशीत! आणि तिच्यात गांडुळं वळवळत होती, बारीक पांढरे किडे टुणटुण उड्या मारत होते. कोंडिबा रडायलाच लागला. भालेकऱ्यांनी गोंधळून गांडुळांना मुजरा केला.

घमेल्यात ओंजळभर माती आणि मूठभर फितूर घेऊन धुरपदा दरबारात गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. ती तळघराचा जिना उतरली. खाली रांजणांच्या मधोमध, ओल्या पोत्यावर, नुसत्या पंचावर महाराज पसरले होते. दिवाणजी वारा घालत होते.

“सरकार, फितूर हजर हायेत! खटला वर चालवायचा का हितंच?”

“इथेच! वर कोण मरायला जातोय!”

“मग दिवाणजी, हुकूम वाचा जी.”

दिवाणजींनी कागद काढला. “जो कोणी उन्हाला भिऊन नेमलेली जागा सोडेल आणि खाली जाऊन...” ते छताकडे बघू लागले.

“दडेल,” धुरपदाने वाक्य पुरं केलं. “सरकार, गांडुळं मुदतीच्या आत जागेवर आली. त्यांस्नी माफी. पर एक फितूर अजून खालीच हाय. आज आठवा दिवस. त्याला हद्दपार कुठल्या येशीनं करायचं, तेवढं सांगा!”

महाराजांनी घमेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पंचाकडे पाहिलं. आधी त्यांचं पोट हललं, मग मिशी हलली, आणि ते असे खदाखदा हसले की रांजणातलं पाणी हिंदकळलं!

“दिवाणजी, फाडा तो कागद! कोंडिबाला बागेचा कारभारी करा, जन्मभरासाठी! आणि धुरपदा, तू माग, काय हवं ते माग!”

“पडदं परत मागू नका, म्हंजे झालं.”

“अगं, मग आम्ही बसायचं कुठं?”

“आंब्याखाली गारवा हाय की, सरकार,” धुरपदा पदर सावरत म्हणाली. “पर आधी गांडुळांना विचारून!”

महाराज पुन्हा हसत सुटले आणि हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या घमेल्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी दरबार आंब्याखाली भरला. महाराज आले, जोडे काढले, आणि खाली वाकून मोठ्या अदबीने विचारते झाले, “बसू का?”