परक्या बंदुकीची कडी

लढाया संपून बंदुका मुक्या झाल्या, तेव्हाची ही गोष्ट. हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दस्तगीर शिकलगाराकडे एका म्हाताऱ्या फौजी बंदुकीवर दुर्बीण बसवायची होती. दुर्बीण धरणारी मूळची कडी हरवली होती, म्हणून त्याने दुसऱ्याच बंदुकीची कडी आणली. पण ती बंदुकीवरच्या लोखंडी बैठकीवर काही केल्या बसेना.

"ही परकी आहे," बैठक फणकारली. "घासायचं तर हिलाच घासा."

एक घर सुटलं होतं, आता भंगारात जायची पाळी आली, असं कडीला वाटलं.

शिकलगाराने आधी कडीला दिव्याची काजळी फासली, तिला बैठकीवर दाबलं आणि उचललं. काळा डाग बैठकीच्या एकाच कोपऱ्यावर उमटला; कडी तेवढीच टेकत होती.

"बाई गं, खुपतंय ते इथे," शिकलगाराच्या हातातली कानस हळूच म्हणाली. "जुन्या माराने तुझा कोपरा उचललाय."

"मग मलाच घासा," बैठक पुटपुटली.

"थोडं मलाही घासा," कडी म्हणाली, "म्हणजे तिला कमी झिजावं लागेल."

दोघी थोड्याथोड्या झिजल्या. शिकलगाराने पुन्हा काजळी लावून दाबलं, तेव्हा बैठक काठोकाठ काळी झाली.

"अजून घास ना, हिला कुठे खुपायला नको," बैठक कानशीला म्हणाली.

"आता कुठे घासू?" कानस हसली. "दोघी सगळीकडून टेकलात की!"