दोन छपरांची भिंत

फार पूर्वी, सात समुद्रांपलीकडे, पळून आलेल्या माणसांनी एक गाव वसवलं. काही स्तोत्रं गाणारे होते, काही मुक्यानं प्रार्थना करणारे विणकर. मागच्या देशात राजा सांगेल तीच प्रार्थना म्हणावी लागे. नाही म्हटलं की चाबूक. म्हणून इथे त्यांनी प्रार्थनाघर आणि चावडी शेजारी-शेजारी बांधली आणि मधे एक जाड भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे न्याय, पलीकडे स्तोत्रं.

शंभर वर्षं गेली. चाबूक विसरला गेला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना भिंत खुपू लागली.

त्यांनी तरुण गवंडिणीला बोलावलं. ती त्याच प्रार्थनाघरात वाढलेली, दर रविवारी पहिल्या बाकावर बसून गाणारी.

"भिंत पाड," थोरला म्हातारा म्हणाला. "पंच आपल्या वेदीसमोर बसतील. आधी आपली प्रार्थना, मग ज्याची त्याची तक्रार."

"आणि विणकर? ते तर गप्प बसूनच प्रार्थना करतात."

"त्यांनीही म्हणावी. चार शब्दांनी काय जीभ झिजते?"

"तुमच्या आज्याची झिजत होती, आजोबा. म्हणून तर तो पळून आला."

"फार बोलतेस. नाही पाडलीस तर या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

तिनं त्या दाराकडे पाहिलं. तिच्या आईला याच दारातून शेवटचा निरोप दिला होता.

गवंड्यांची एक रीत असते. भिंत पाडण्याआधी मधला एक दगड काढायचा आणि आत बघायचं, तिच्यावर कशाकशाचा भार आहे ते. तिनं दगड काढला, दिवा धरून डोकं आत घातलं.

दोन्ही छपरांच्या तुळया एकाच लांब दगडावर टेकल्या होत्या. भोवतीच्या चुन्यात हातांचे ठसे होते. शेकडो. बाप्यांचे रुंद, बायकांचे निमुळते, तान्ह्यांचे तर लिंबाच्या फोडीएवढे. गाणाऱ्यांचे कुठले, गप्प बसणाऱ्यांचे कुठले, काही कळत नव्हतं. तिनं एका ठशावर हात ठेवला. बरोब्बर बसला. शंभर वर्षांपूर्वीचं कुणीतरी पलीकडून हात लावून अजून छप्पर तोलत उभं आहे, असं तिला वाटलं.

तिनं हातोडा खाली ठेवला. "नाही पाडणार. ही गेली तर आधी आपलंच प्रार्थनाघर बसेल."

"कालची पोर आम्हाला शिकवते," म्हणत थोरल्यानं तिला बाहेर काढलं आणि स्वतः पहार उचलली. तिसऱ्या घावाला तुळई कण्हली. वेदीवर माती सांडली. देवासाठी भांडणारे म्हातारे देवाला तिथेच सोडून पळाले. थोरला तेवढा पहार धरून थिजला.

गवंडीण आत धावली. तिच्यामागून विणकर आले, एक शब्द न बोलता. ज्या घरात ते कधी प्रार्थना करणार नव्हते, त्याची तुळई त्यांनी खांद्यावर घेतली. प्रहरभर फक्त तिच्या थापीचा आवाज येत होता. त्या शांततेत थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदा विणकरांची प्रार्थना ऐकली.

शेवटचा दगड बसला. चुना अजून ओला होता. म्हातारा पुढे सरकला.

"मीही हात उमटवू का, पोरी?"

"आधी पहार खाली ठेवा, आजोबा."

तात्पर्य: ज्याला आपली प्रार्थना मोकळी हवी, त्यानं सत्ता तिच्यापासून एक भिंत लांब ठेवावी, आणि हे सांगणाऱ्याचं वय मोजत बसू नये.